कोलाडला वर्षभर कयाक, मग आपल्या नदीत का नाही?

रत्नागिरी : पाऊस लागला, नद्या तांबड्या पाण्यानं भरून वाहू लागल्या की मोबाईलवर दरवर्षी एका जातीचे व्हिडिओ फिरायला लागतात. फेसाळ धारेत एक बुटकी, रंगीत होडी. आत कमरेपर्यंत घट्ट बसलेला माणूस. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. होडी उलटते, माणूस पाण्याखाली जातो आणि दोन-तीन सेकंदांत त्याच होडीत बसलेला सरळ वर येतो. हा खेळ म्हणजे कयाकिंग. खळाळत्या, पांढऱ्या फेसाच्या पाण्यात चालतो तो व्हाइट वॉटर कयाकिंग.

खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री आणि बाव, रत्नागिरीची काजळी, लांज्याची मुचकुंदी, राजापूरची अर्जुना. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांना जिल्ह्यात तोटा नाही. त्यामुळे व्हिडिओ बघून पोरं विचारतात, रायगडात कोलाडला होतं, केरळात होतं, मग आपल्याकडे का नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर ‘सरकारचं लक्ष नाही’ एवढ्यावर संपत नाही. ते नदीच्या उतारात, धरणाच्या पाण्यात, गावोगावच्या बंधाऱ्यात आणि चिपळूणच्या मगरींतही आहे. कुणी होड्या घेऊन गावात येण्याआधी, किंवा गावातल्याच मुलांनी हौसेनं नदीत उतरण्याआधी, हे समजून घेतलेलं बरं.

आधी ही होडी

किनाऱ्यावर पर्यटकांना तासाच्या भाड्यानं देतात त्या वर बसायच्या उघड्या होड्याही कयाकच. पण नदीची कयाक वेगळी. ती साधारण आठ-नऊ फूट लांब, जाड प्लास्टिकची, दोन्ही टोकं वर उचललेली आणि वीसेक किलो वजनाची असते. एक माणूस खांद्यावर घेऊन चालू शकतो. आत पाय लांब करून बसायचं, गुडघे आतल्या आधाराला घट्ट लावायचे आणि कमरेभोवती घागऱ्यासारखं जाड कापड होडीच्या कडेला बसवायचं. त्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात. त्यामुळे होडी उलटली तरी आत पाणी शिरत नाही आणि कमरेच्या एका झटक्यानं, वल्ह्याचा आधार घेऊन, माणूस होडीसकट सरळ होतो. याला रोल म्हणतात.

हा रोल पोहण्याच्या तलावात किंवा संथ डोहात शेकडो वेळा घोटावा लागतो. आणि त्याच्याही आधीचा धडा म्हणजे रोल जमला नाही तर पाण्याखाली उलटं असताना स्कर्टचा पुढचा पट्टा ओढून बाहेर पडणं. ज्याला हा पट्टा डोळे मिटून सापडत नाही, त्यानं वाहत्या पाण्यात जायचंच नाही. व्हिडिओत हा भाग कधी दिसत नाही.

पाण्याचीही प्रतवारी असते. जगभर नदीच्या खळाळाला १ ते ६ अशी श्रेणी देतात. श्रेणी १ म्हणजे हलक्या लाटांचं वाहतं पाणी. श्रेणी ३ म्हणजे मोठ्या लाटा, वाट शोधत जावी लागेल असे धोंडे. श्रेणी ५ फक्त मुरलेल्यांसाठी, आणि ६ म्हणजे जवळपास अशक्य. लक्षात ठेवायची गोष्ट ही की श्रेणी नदीच्या नावाला कायमची चिकटलेली नसते. सकाळी २ असलेली जागा घाटात दोन तास पाऊस कोसळला की दुपारी ४ होते.

कोलाडला धार येते कुठून?

कोलाडची कुंडलिका नदी राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. रबरी राफ्टमध्ये आठ-दहा जण, मागे गाईड, आणि सोबत सुरक्षेसाठी कयाकवाला. बारा-चौदा किलोमीटरचा टप्पा, श्रेणी २ ते ३. मे महिन्यातही तिथं धार असते. कोकणातली नदी मे महिन्यात कशी वाहते?

ती आपल्या पाण्यानं वाहत नाही. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या पाइपांतून खाली भिरा इथल्या वीजघरात येतं. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच हे धरण. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. जनित्रं फिरवून झालं की ते पाणी कुंडलिकेत उतरतं आणि पुढं डोलवहाळच्या बंधाऱ्यातून खाली सोडलं जातं. पाणी साधारण सकाळी सुटतं म्हणून राफ्टिंगही सकाळी. काही तासांनी धार ओसरते आणि दगड उघडे पडतात. म्हणजे तिथला सगळा धंदा विजेच्या वेळापत्रकावर बसलेला आहे. वीजनिर्मिती झाली नाही, पाणी सुटलं नाही, तर राफ्ट काठावरच.

पण पाणी येणार हे ठाऊक आहे, साधारण किती येणार हे ठाऊक आहे, आणि ते ज्या टप्प्यात येतं तिथं नदीला बेताचा उतार आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून कोलाड झालं.

कोयनेचं अवजल मग काय कामाचं?

हे वाचून चिपळूणकर लगेच म्हणणार, असं पाणी तर आमच्याकडे कितीतरी जास्त आहे. बरोबर आहे. कोयना धरणातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, पोफळीला वीज करतं, कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथून तिसऱ्या टप्प्याच्या वीजघरातून जातं आणि अखेर वाशिष्ठीला मिळतं. यालाच आपण कोयनेचं अवजल म्हणतो. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. कुंडलिकेवर धंदा उभा राहतो, तर एवढ्या पाण्यावर का नाही?

अडचण पाण्याची नाही, जागेची आहे. हे पाणी वाशिष्ठीला मिळतं तिथवर नदीचा उतार संपत आलेला असतो. चिपळूणपर्यंत खाडीच्या भरतीचा परिणाम जाणवतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात हे शहरानं भोगलंय. सपाट पात्रात पाणी कितीही आणा, ते चढेल, पसरेल, पण खळाळणार नाही. कयाकला लागतो तो खळाळ वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी.

दुसरं, कोयनेची वीज प्रामुख्यानं मागणीच्या वेळी लागते. जनित्रं चालू झाली की पाणी वाढतं, थांबली की उतरतं. नदीकाठच्या गावांना हे पाठ आहे. कपडे धुणाऱ्या, गुरं घेऊन जाणाऱ्या माणसांना पाणी अचानक वाढण्याची भीती नवी नाही. पाहुण्याला मात्र ते कळत नाही.

आणि तिसरं, मगरी. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि त्या बघायला पर्यटक होडीतून फिरतात. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूण शहरातल्या रस्त्यावरून चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ देशभर गेला. मोठ्या होडीतून मगर बघणं वेगळं आणि पाण्याच्या पातळीला कंबर ठेवून वल्हवणं वेगळं. मगरींचा वावर असलेल्या पात्रात शिकाऊ मुलांना उलटं होऊन रोल शिकवायला कोणताही शहाणा प्रशिक्षक तयार होणार नाही.

त्यामुळे ‘वाशिष्ठीवर दुसरं कोलाड’ ही घोषणा कानाला गोड असली तरी नदी त्याला साथ देत नाही.

केरळातलं कोडेंचेरी आपल्याला जास्त जवळचं

रत्नागिरीनं खरं तर बघायला हवं ते केरळच्या कोळिकोड जिल्ह्याकडे. तिथं कोडेंचेरी आणि तिरुवंबाडी या ग्रामपंचायतींच्या परिसरात दर पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या तिथल्या नद्या. मल्याळममध्ये ‘पुळा’ म्हणजेच नदी. पश्चिम घाटातून उतरणाऱ्या, धोंड्यांनी भरलेल्या, काठावर नारळ, सुपारी आणि रबर. रबर सोडलं तर देवरुखच्या वरच्या अंगाची आठवण यावी असा मुलूख.

तिथं धरणाचं पाणी नाही, पाऊस हाच आधार. म्हणून स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये. देशातले आणि परदेशातले कयाकवाले त्या खेड्यात येतात. जिंकणाऱ्या पुरुषाला ‘रॅपिड राजा’ आणि बाईला ‘रॅपिड राणी’ असा किताब मिळतो. केरळचं पर्यटन खातं आणि स्थानिक पंचायती मिळून ते उभं करतात, आणि मुख्य शर्यतींच्या आधी आसपासच्या गावांत सायकल फेरीसारखे कार्यक्रमही होतात. आता आशियातल्या मोठ्या कयाकिंग स्पर्धांत त्याचं नाव घेतलं जातं.

पावसाळ्यात आपल्याकडे पर्यटन म्हणजे धबधब्याखाली उभं राहणं आणि रस्त्याकडेला बाटल्या टाकून जाणं. कोडेंचेरीत त्याच महिन्यांत गावातली घरं पाहुण्यांना भाड्यानं जातात. फरक निव्वळ पैशाचा नाही. त्या नद्यांचे टप्पे कयाकवाल्यांनी वर्षानुवर्षं पायी फिरून, धोंडा न् धोंडा पाहून ठरवले. कुठं उतरायचं, कुठं थांबायचं, कुठल्या पातळीला बंद करायचं हे माहीत झालं. मग स्पर्धा आल्या.

आपल्याकडे याच कामाला सुरुवात करावी लागेल. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि डोंगर ते समुद्र अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. म्हणून नद्या आखूड आणि तापट. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की काही तासांत खेडला जगबुडी आणि राजापूरला अर्जुना-कोदवली इशारा देतात, आणि पाऊस थांबला की तितक्याच झटपट उतरतात. कयाकला योग्य पाणी एखाद्या पऱ्यात सकाळी असतं आणि संध्याकाळी नसतं. हे अशक्य नाही, पण बुकिंग घेऊन पर्यटक आणायचा हा धंदा नव्हे. जाणत्यांनीच, दोन दिवस थांबून, पाणी बघून उतरायचं असं ते काम आहे.

शर्यत कशी लागते?

या खेळाच्या मुख्य शर्यती तीन प्रकारच्या. स्लॅलममध्ये दोन्ही काठांवरून दोऱ्या बांधून पाण्यावर काठ्यांच्या जोड्या लोंबत्या सोडतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक फाटक. हिरव्या फाटकातून धारेबरोबर जायचं, लाल फाटकातून उलट वर चढून यायचं. काठीला अंग किंवा वल्हं लागलं तर वेळेत २ सेकंदांची भर, फाटक चुकलं तर ५० सेकंदांची. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९७२ साली म्युनिकला पहिल्यांदा आला, मग मध्ये खंड पडून १९९२ पासून कायम झाला.

दुसरी शर्यत वरपासून खालपर्यंत घड्याळ लावून. तिसरी सगळ्यात गमतीची, बोटरक्रॉस. चार-चार होड्या एकदम सुटतात, एकमेकांना ढकलत, आपटत खाली येतात, पहिले दोघे पुढच्या फेरीत. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीसारखा काठावर आरडाओरडा. याच जातीची कयाक क्रॉस शर्यत २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये घेतली गेली.

आपल्या देशातही हे फार लांब राहिलेलं नाही. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरला नर्मदेवर सहस्रधारा नावाची जागा आहे, जिथं नदी खडकांतून असंख्य धारांनी फुटते. तिथं स्लॅलमचा सराव होतो, आणि २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत स्लॅलमच्या लढती तिथंच झाल्या. घाटावर आंघोळीला येणाऱ्यांच्या नजरेसमोर पोरं ऑलिम्पिकचा खेळ खेळली.

मैत्रीच्या शर्यतीत बक्षीस नारळ-टॉवेलाचं असलं तरी एक रीत बदलत नाही. जो आधी खाली पोचला तो पाठ फिरवून निघून जात नाही. खालच्या संथ पाण्यात होडी वळवून मागच्यासाठी थांबतो. मागचा उलटला आणि पोहायला लागला तर त्याला, मग त्याच्या होडीला, मग वल्ह्याला पकडायचं, याच क्रमानं. तिघांहून कमी जणांनी नदीत उतरायचं नाही. खळाळ आधी काठानं चालत जाऊन बघायचा. पटला नाही तर होडी खांद्यावर टाकून वळसा घालायचा, आणि त्याला कुणी हसत नाही. या खेळात हसतात ते न बघता उडी टाकणाऱ्याला.

पाणी वाचता आलं पाहिजे

खेळ आपल्या नदीत येवो न येवो, कयाकवाले पाण्याकडे जसं बघतात ते नदीकाठच्या प्रत्येक घरानं शिकण्यासारखं आहे. दर पावसाळ्यात जिल्ह्यात बुडून माणसं जातात. त्यांत पोहता न येणारे असतात, तसे पट्टीचे पोहणारेही असतात.

विहिरीतलं पोहणं आणि धारेतलं पोहणं एक नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे तिथं अंग नेहमीसारखं तरंगत नाही, हातापायाला धरायला पाणीच मिळत नाही. शिवाय गुडघाभर धारेत उभं राहायला गेलं आणि पाय दोन दगडांत अडकला तर धार माणसाला पुढं पाडते आणि पाय सुटत नाही. गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो तो असा. म्हणून वाहून जायला लागलं तर उभं राहायचा खटाटोप नको. पाठीवर व्हायचं, पाय पुढं आणि पाण्याच्या वर ठेवायचे, दगड आला तर पायांनी ढकलायचं आणि तिरकं काठाकडे सरकत राहायचं.

मोठ्या धोंड्यामागे पाणी शांत असतं, किंबहुना वरच्या बाजूला, धोंड्याकडे परत येतं. कयाकवाल्याची विश्रांतीची जागा ही. वाहत जाणाऱ्यालाही काठ गाठायची संधी तिथंच मिळते. उलट, पाण्यात आडवं पडलेलं झाड म्हणजे सापळा. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. तसं झाड दिसलं तर लांबूनच बाजू बदलायची.

पण सगळ्यात फसवी जागा म्हणजे बंधारा, आणि ती आपल्या गावागावांत आहे. पात्रभर एकसारखी, सुरेख पडणारी धार. खाली थोडा फेस. उंची पुरुषभरसुद्धा नाही. पोरं तिथंच डुंबायला जातात. पाणी वरून पडून तळाशी जातं आणि पायथ्याशी पुन्हा भिंतीकडे वळतं. एकदा त्या गुंडाळीत सापडलेला माणूस बाहेर ढकलला जात नाही. वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, पडत्या पाण्याखाली पुन्हा खाली जातो. नैसर्गिक खळाळाला कुठं ना कुठं फट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, त्यामुळे सुटायला वाट नाही. परदेशांतले बचावपथकवाले अशा बंधाऱ्यांना ‘बुडवण्याचं यंत्र’ म्हणतात. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढलेले असले तर पाणी खांबांमधून निघून जातं, पण मग त्या खांबांत ओंडके-झाडं अडकतात. धोका जात नाही, रूप बदलतो. अनुभवी कयाकवाला श्रेणी ४ चा खळाळ उतरेल, पण भरून वाहणाऱ्या बंधाऱ्याच्या अलीकडे काठाला लागून होडी खांद्यावर घेईल. एवढ्यावरून काय ते समजावं.

कुणी बुडताना दिसलं तर आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया म्हणजे उडी. त्यामुळेच एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा जातो, आणि एकाच घरातली दोन-दोन माणसं गेल्याच्या बातम्या येतात. बचाव शिकवताना पहिल्यांदा हेच मोडून काढतात. आधी काठावरून काठी, बांबू, ओढणी, जे असेल ते पुढं करायचं. हात पोचत नसेल तर दोर फेकायचा. मग होडी. अंगावर जॅकेट आणि कमरेला दोर असल्याशिवाय स्वतः पाण्यात जायचं नाही. कयाकवाल्यांकडे थ्रो बॅग असते, पिशवीत भरलेला पंधरा-वीस मीटरचा तरंगणारा दोर. टोक हातात धरून पिशवी फेकायची. नदीकाठच्या प्रत्येक वाडीत, साकवाजवळच्या एखाद्या घरी, असा दोर आणि दोन चांगली जॅकेटं टांगलेली असावीत. नसेल थ्रो बॅग तर नायलॉनच्या दोराला बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधला तरी काम होतं.

जॅकेट नुसतं अंगात अडकवून चालत नाही. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाणार.

गावानं काय विचारायचं?

उद्या कुणी पुण्या-मुंबईचा माणूस गावात आला, ‘तुमच्या नदीवर कयाकिंग सुरू करतो, गावाला रोजगार देतो’ म्हणाला, तर ग्रामसभेनं हुरळून जाऊ नये आणि हाकलूनही देऊ नये. राज्यानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय. त्यानुसार असा व्यवसाय करणाऱ्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. पहिला प्रश्न त्या कागदाचा. खाडीचा भाग असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी वेगळी. पर्यटकांचा विमा आहे का, गाईडनं बचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, हेही कागदावरच बघावं, तोंडी नको.

पुढचे प्रश्न कागदाचे नाहीत आणि ते गावच विचारू शकतं. तुम्ही हा टप्पा कुठल्या महिन्यांत, किती वेळा स्वतः उतरलात? पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं की त्या दिवशी बंद? नदीच्या प्रत्येक वाडीत असा एक दगड, एक पायरी असते, जिच्यावरून म्हातारी माणसं पुराचा अंदाज सांगतात. ती खूण ठरवून रंगानं रेघ मारावी आणि रेघ बुडाली की कुणाचंही ऐकू नये. अपघात झाला तर रुग्णवाहिका कुठवर येईल? बऱ्याच ठिकाणी नदीपासून डांबरी रस्ता अर्धा तास चालत. वरच्या धरणाचं पाणी सुटणार असेल तर फोन कुणाला येणार? मासे मारणाऱ्यांची जाळी, बायकांचे धुण्याचे घाट, देवाची कोंड, यांना हात लागणार नाही याची हमी कोण देणार?

आणि मुलं. राफ्टमध्ये साधारण १४ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. ‘बाबा सोबत आहेत’ म्हणून त्यात सूट मागणाऱ्या पर्यटकाला नाही म्हणायची ताकद गाईडमध्ये हवी. पावसाळ्यातला लेप्टो आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये, आणि उतरल्यानंतर ताप आला तर डॉक्टरला पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगावं.

एक गोष्ट मात्र कुठलाही ठेकेदार न येता होऊ शकते. २०१८ च्या केरळच्या महापुरात मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर घालून आत गेले आणि त्यांनी हजारो माणसं काढली. २०२१ ला चिपळुणात बाहेरून मदत पोचेपर्यंत लोकांनी तासन् तास छपरांवर काढले. तालुक्यातली दहा-दहा मुलंमुली कोलाडसारख्या ठिकाणी जाऊन वाहत्या पाण्यातला बचाव शिकून आली, आपदा मित्र म्हणून नोंदली गेली, तर पुराच्या पहिल्या काही तासांत ती गावातच असतील. कयाक हा त्यांचा सरावाचा खेळ होईल. हा खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा जास्त नाही.

शर्यतच लावायची तर खाडीत

मैत्रीची वल्हवायची स्पर्धा घ्यायची हौस असेल तर तिला पावसाळ्यातली नदी कशाला हवी? ऑक्टोबर ते मे या काळात खाड्या आहेत. जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर. नारळी पौर्णिमेला कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांच्या शर्यती काही नव्या नाहीत. वल्हं मारणं इथल्या हाडात आहे, फक्त होडीचा आकार वेगळा. किनाऱ्यावर मिळणाऱ्या साध्या, वर बसायच्या कयाकांवर पाचशे मीटरची शर्यत सहज होते. प्रत्येकाला जॅकेट, दोन्ही टोकांना इंजिनाची एकेक होडी, आणि काठावर दोरवाली माणसं एवढं हवं. मगरी दिसतात तो भाग सोडायचा, आणि जागा ठरवताना मासेमारी करणाऱ्यांना आधी विचारायचं, नंतर नव्हे.

वेळ भरती बघून ठरवावी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत जसजसं आत जावं तशी ही वेळ थोडी उशिरा येते. भरती पूर्ण होताना पाणी थोडा वेळ जवळपास थांबलेलं असतं. शर्यत त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सुरू करून भरती पूर्ण होईपर्यंत उरकायची, म्हणजे दमलेल्याला पाणी आत, गावाकडे लोटतं. ओहोटी लागल्यावर सुरू केली तर तेच पाणी त्याला खाडीच्या तोंडाकडे ओढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ओढ सगळ्यात जास्त, म्हणून शिकाऊंची शर्यत अष्टमी-नवमीच्या आसपास, सकाळच्या भरतीला, दुपारचा वारा सुटायच्या आत घ्यावी.